६ जानेवारी २०२१ : बंड म्हणायचं की दंगल? हे आरोपपत्रावरून ठरतं का?

नदीकाठ

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम चालू आहे (मी मेरीलँडमध्ये असते). एका सभासद ताईंचा लेख आलाय, वॉशिंग्टनच्या आसपास काढलेल्या पंचवीस वर्षांवर. लेख सुरेख आहे. त्यात एक वाक्य आहे : 'कॅपिटॉलवरच्या बंडाच्या दिवशी मुलांना शाळा नव्हती, सगळी घरीच होती, आणि आम्ही टीव्ही बंद करून पत्ते खेळत बसलो.'

(म्हणजे ६ जानेवारी २०२१. त्या दिवशी ट्रम्प यांच्या समर्थकांचा जमाव अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीत, कॅपिटॉलमध्ये, घुसला. आत राज्यांची अध्यक्षपदाची मतं मोजून बायडेन यांच्या विजयावर शिक्कामोर्तब चालू होतं.) संपादक मंडळातल्या दोघांनी 'बंडाच्या' खोडून 'दंगलीच्या' केलं. ताईंनी पुन्हा 'बंडाच्या' केलं. आता गाडी तिथेच अडलीय.

खोडणाऱ्यांचं म्हणणं असं : पंधराशेहून जास्त लोकांवर खटले झाले. अमेरिकेच्या कायद्यात बंडाचं स्वतंत्र कलम आहे. ते एकावरही लागलं नाही. सरकारनेच ज्याला बंड म्हणून कोर्टात नेलं नाही, त्याला आपण बंड का म्हणायचं?

युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण मला कुठेतरी खटकतोय. काय खटकतंय ते नीट मांडता येत नाहीये. इथे कायद्यातले लोक आहेत, तेव्हा वॉशिंग्टनजवळ राहणारेही आहेत. मदत करा.

चहापोहे

दंगल. कलम नाही तर बंड नाही. मंडळाच्या अंकात कशाला वाद ओढवून घेताय?

तारीखपेतारीख

मी पुण्यात सरकारी वकील होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. अमेरिकन कायदा माझा विषय नाही, पण हे प्रकरण सुरुवातीपासून वाचत आलोय. आधी आपल्याकडचं सांगतो.

एका तालुक्याच्या गावी जमावाने कचेरी पेटवली होती. एकशे चाळीस आरोपी. तपास अधिकाऱ्याने खुनाचा प्रयत्न, जाळपोळ, दरोडा, हाताला येतील ती सगळी कलमं लावली आणि फाइल माझ्याकडे आली. साक्षीदार एकच गोष्ट सांगायचे, 'साहेब, लई लोक होते.' कोणाच्या हातात काडी होती, कोणाच्या हातात डबा होता, कोण नुसता उभा राहून बघत होता, हे सांगणारा एक माणूस मिळेना. दोन जणांवर जाळपोळ सिद्ध झाली, काही बेकायदा जमावात असल्याबद्दल दोषी ठरले, बाकी सगळे सुटले. निकालाच्या दिवशी कोर्टातून बाहेर आलो तर समोरच कचेरीची काळी पडलेली भिंत. निकालाने ती पांढरी झाली नव्हती.

तुम्हाला खटकतंय ते हेच असावं. आरोपपत्र एका माणसाबद्दल बोलतं : याने काय केलं, त्याच्या मनात काय होतं आणि त्यातलं काय सिद्ध करता येईल. त्या दिवशी एकूण काय घडलं, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. सरकारी वकील टिकणारं कलम लावतो. मोठ्या नावाचं कलम लावून ते पडलं, तर आरोपी छाती काढून बाहेर पडतो.

आता अमेरिका. बंडाचं कलम म्हणजे त्यांच्या संहितेतलं २३८३. मूळ १८६२ सालचं, यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीतलं. शिक्षा १० वर्षांपर्यंत, आणि पुढे सरकारी पद धारण करायला बंदी. पण बंड म्हणजे काय, याची व्याख्याच त्या कलमात नाही! समोर दक्षिणेच्या फौजा उभ्या असताना व्याख्येची गरज कुणाला वाटणार? त्याच्या पुढचं, २३८४, म्हणजे राजद्रोहाचा कट. दोन किंवा जास्त माणसांनी ठरवून, बळाने, देशाच्या कायद्याची अंमलबजावणी रोखणं किंवा लांबवणं. शिक्षा २० वर्षांपर्यंत. व्याख्या स्पष्ट, शिक्षा दुप्पट. सांगा, मी त्या जागी असतो तर कुठलं निवडलं असतं?

आणि ते त्यांनी लावलं. 'ओथ कीपर्स' आणि 'प्राउड बॉईज' या दोन अतिउजव्या संघटनांच्या मिळून १८ जणांवर. त्यातल्या १४ जणांवर तो गुन्हा शाबीत झाला, १० ज्युरीपुढे आणि ४ जणांनी स्वतः कबुली देऊन.

पोटोमॅककाठी

मी त्या दिवशी कामावर होते. प्रयोगशाळेत आहे, करोनाच्या काळातही आम्हाला घरून काम नव्हतं. सकाळी व्हिएन्नाहून ऑरेंज लाइनने निघाले. एरवी त्या दिवसांत डब्यात चारदोन माणसं असायची. त्या दिवशी डबा भरलेला. लाल टोप्या, झेंडे, थर्मास, घडीच्या खुर्च्या. बऱ्याच जणांना मास्क नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. पासष्टीच्या एका गृहस्थांनी मला बसायला जागा दिली, कुठून आलीस म्हणून विचारलं. ते ओहायोहून रात्रभर गाडी चालवून आले होते. फॉगी बॉटमला उतरताना म्हणाले, 'काळजी घे.'

दुपारी आमच्या इथल्या टीव्हीवर जे दिसलं ते सगळ्या जगाने पाहिलं. सायकली लावायचे लोखंडी कठडे उचलून पोलिसांवर ढकलत होते, झेंड्याच्या काठ्यांनी मारत होते. दारात चिरडलेल्या त्या तरुण पोलिसाचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. मग फोनवर सूचना आली, संध्याकाळी ६ पासून संचारबंदी. नवरा गाडी घेऊन पुलापलीकडे उभा राहिला आणि मी चालत पूल ओलांडला.

ते ओहायोचे गृहस्थ आत गेले होते का, माहीत नाही. मी त्यांना बंडखोर म्हणणार नाही. पण त्या दिवसाला नुसती दंगल म्हणायला माझी जीभ वळत नाही. दंगलीत दुकानं फोडतात. हे लोक एका ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, एका ठरावीक खोलीकडे निघाले होते.

रानवाट

पोटोमॅककाठी, तुम्ही जे सोसलंत त्याबद्दल आदर आहे. पोलिसांना मारणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी होती, यातही दुमत नाही. पण माझी बाजूही ऐका. मी टेक्सासमध्ये २२ वर्षं आहे.

ज्या पंधराशे जणांवर खटले झाले त्यांतले शेकडो असे होते की त्यांनी कोणाला हात लावला नाही. उघड्या दारातून आत गेले, फोटो काढले, दहा-वीस मिनिटांत बाहेर आले. त्यांच्यावरचा आरोप काय होता, तर प्रतिबंधित इमारतीत शिरणं, आणि कॅपिटॉलमध्ये फेरी काढणं किंवा निदर्शनं करणं. मराठी अंकात तुम्ही 'बंड' छापलंत की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हे सगळेच बंडखोर म्हणून उभे राहतात. ज्याला कोर्टानेसुद्धा बंडखोर म्हटलं नाही, त्याला आपण म्हणायचं का?

दुसरं, ट्रम्प यांच्या भाषणात 'शांततेने' हा शब्द होता. 'जिवाच्या आकांताने लढा'ही होतं, मान्य. पण दोन्ही होतं.

तिसरं, ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगात 'बंडाला चिथावणी' हाच आरोप होता. सिनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ झालं, ६७ लागतात. म्हणजे सुटका. आणि विशेष वकील जॅक स्मिथ यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये ट्रम्प यांच्यावर चार आरोप ठेवले, त्यांत बंड नाही. इतका सगळा तपास करून जो शब्द त्यांनी वापरला नाही, तो आपण इतक्या सहज वापरू नये, एवढंच माझं म्हणणं.

चहापोहे

रानवाट +१

जास्वंद

मला यातलं काही कळत नाही, पण 'राजद्रोहाचा कट' वाचून टिळकच आठवले. लेख लिहिला म्हणून सहा वर्षं मंडाले! मग त्या दोन संघटनांच्या लोकांनीही नुसतं लिहिलं-बोललं असेल तर?

तारीखपेतारीख

@जास्वंद, छान प्रश्न. आपल्याकडे 'राजद्रोह' म्हटलं की जुन्या दंड संहितेचं १२४-अ डोळ्यांपुढे येतं. १८९७ ला टिळकांना त्याखाली दीड वर्ष, १९०८ ला सहा वर्षं. त्या कलमाचा गाभा 'सरकारबद्दल अप्रीती' हा होता. लिहिणं हाच गुन्हा. १९०८ च्या ज्युरीतले सात युरोपियन एकीकडे आणि दोन हिंदी दुसरीकडे, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. १९६२ च्या केदारनाथ निकालाने त्याला हिंसाचाराच्या चिथावणीची मर्यादा घातली, २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम थांबवून ठेवलं.

अमेरिकेचं २३८४ त्याहून वेगळं आहे. तिथे अप्रीती चालते, हवी तेवढी करा. बळ वापरण्याचा ठराव लागतो. म्हणूनच ते सिद्ध करणं अवघड. मिशिगनमधल्या हुतारी नावाच्या एका सशस्त्र टोळीवर ते लावलं होतं. २०१२ मध्ये न्यायाधीशांनी सरकारचा पुरावा संपताच तो आरोप काढून टाकला, नुसत्या बढाया म्हणजे कट नव्हे म्हणून. त्याआधी १९५४ मध्ये पोर्तो रिकोच्या राष्ट्रवाद्यांनी प्रतिनिधीगृहात गोळीबार केला, पाच सदस्य जखमी झाले, तेव्हा ते लागलं आणि टिकलं.

ओथ कीपर्सच्या बाबतीत नुसतं बोलणं नव्हतं. आर्लिंग्टनच्या हॉटेलात बंदुका आणून ठेवल्या होत्या, नदी ओलांडली की वॉशिंग्टन. त्यांच्या म्होरक्याला, स्टुअर्ट ऱ्होड्सला, १८ वर्षं लागली. प्राउड बॉईजचा एन्रिके टारिओ तर त्या दिवशी शहरातच नव्हता. दोन दिवस आधी त्याला अटक झाली होती, कोर्टाने शहराबाहेर राहायला सांगितलं होतं. तरी सगळ्यांत मोठी शिक्षा त्यालाच, २२ वर्षं. कारण खटला कटाचा होता, खिडकी कोणी फोडली याचा नव्हता. आणि त्याच खटल्यात ज्याने ढालीने खिडकी फोडली, तो कटाच्या आरोपातून सुटला, बाकी गुन्ह्यांसाठी त्याला १० वर्षं झाली. रानवाट, कोर्टांनी सगळ्यांना एका माळेत ओवलं नव्हतं, हे यावरून दिसतं.

पाटणवाव

अवांतर : ओथ कीपर्सचा खटला चालवणारे न्यायाधीश अमित मेहता मूळ गुजरातमधल्या पाटणचे. त्या दिवशी गर्दीत एक तिरंगाही दिसला होता, आठवतंय? आपली माणसं सगळीकडे असतात, दोन्ही बाजूंना.

पोटोमॅककाठी

तो तिरंगा बघून त्या रात्री आईचा नाशिकहून फोन आला होता. पहिला प्रश्न, 'आपला झेंडा तिथे कशाला?' उत्तर देता आलं नाही.

साबुदाणावडा

न्यू जर्सीत मी एकदा ज्युरीवर बसलोय. प्रकरण साधं होतं, चोरीचा माल बाळगण्याचं. न्यायाधीशांनी आम्हाला कागद दिला, गुन्ह्याचे घटक एकाखाली एक लिहिलेले. प्रत्येक घटक संशयापलीकडे सिद्ध झाला तरच दोषी. आम्ही बारा जण दोन दिवस एकाच घटकावर अडलो : माल चोरीचा आहे हे त्याला 'माहीत होतं' का? माल चोरीचा होता, यावर बाराही जणांचं एकमत. तरी तो सुटला. बाहेर पडताना एक आजीबाई म्हणाल्या, 'टीव्ही तर चोरीचाच होता ना, मग आपण काय केलं?'

तारीखकाकांची जळकी भिंत वाचून तोच टीव्ही आठवला.

रानवाट

गोष्ट आवडली. पण ती माझ्याही बाजूची आहे. टीव्ही चोरीचा असेल, पण सुटलेल्या माणसाला चोर म्हणाल का?

साबुदाणावडा

नाही म्हणणार. आणि टीव्हीला चोरीचा नाही असंही म्हणणार नाही.

सह्यकडा

कोणी ब्राझील का काढत नाहीये? ८ जानेवारी २०२३ ला ब्राझिलियात जमावाने संसद, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय तिन्हींत घुसून मोडतोड केली. दृश्यं जवळजवळ तीच. पण त्यांच्याकडे २०२१ मध्येच नवा कायदा झाला होता : लोकशाही राज्यव्यवस्था बळाने मोडण्याचा प्रयत्न हा एक गुन्हा, आणि निवडून आलेलं सरकार बळाने उलथवण्याचा प्रयत्न हा दुसरा. तिथे शेकडो जणांवर ही कलमं लागली. ११ सप्टेंबर २०२५ ला खुद्द माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांना २७ वर्षं ३ महिने झाली.

म्हणजे एकाच तऱ्हेच्या दोन घटना. एका देशाच्या कपाटात ताजं, स्पष्ट कलम होतं, दुसऱ्याच्या कपाटात १८६२ सालचं. कलमावरूनच नाव ठरवायचं तर ब्राझीलमधला तो उठाव आणि वॉशिंग्टनमधली ती दंगल, असं म्हणावं लागेल. हे पटतं का कुणाला?

भाकरतुकडा

मग आपल्या लाल किल्ल्याचं काय? २६ जानेवारी २०२१, बरोब्बर वीस दिवसांनी! तेव्हा कुठे गेले होते हे सगळे

व्यवस्थापक

लाल किल्ल्यासाठी जुना धागा आहे, तिथे जा. इथे विषय कॅपिटॉलचा आहे. यानंतरची चार पोस्टं काढली आहेत.

उंबरठा

न्यू मेक्सिकोत राहते, म्हणून आमच्याकडची एक गोष्ट सांगते. ती या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे असं मला वाटतं.

आमच्या ओटेरो काउंटीचा एक निवडून आलेला कमिशनर होता, कूय ग्रिफिन. 'काउबॉईज फॉर ट्रम्प' ही संघटना त्याचीच. तो ६ जानेवारीला कॅपिटॉलच्या आवारात होता, इमारतीत गेला नाही. फौजदारी खटल्यात तो दोषी ठरला तो फक्त प्रतिबंधित आवारात शिरल्याबद्दल. किरकोळ गुन्हा, रानवाट म्हणतात तसाच.

पण आमच्या नागरिकांनी वेगळा दावा लावला. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदावी घटनादुरुस्ती झाली. तिच्या तिसऱ्या कलमानुसार ज्याने घटनेची शपथ घेऊन नंतर बंडात भाग घेतला त्याला पद भूषवता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या राज्याच्या न्यायाधीशांनी निकाल दिला : ६ जानेवारीला जे झालं ते बंड होतं, ग्रिफिनने त्यात भाग घेतला, म्हणून त्याचं पद गेलं. फौजदारी कोर्टात अतिक्रमण, दिवाणी कोर्टात बंड. माणूस तोच, दिवस तोच. सर्वोच्च न्यायालयाने त्याचं अपील नंतर ऐकलंच नाही.

कोलोरॅडोतही डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ ने ट्रम्प यांच्याबद्दल हेच म्हटलं होतं. मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल नऊच्या नऊ मतांनी फिरवला, पण राज्यांना केंद्राच्या पदांबाबत हा अधिकार नाही म्हणून. बंड होतं की नव्हतं, या प्रश्नाला त्यांनी हातच लावला नाही.

तारीखपेतारीख

उंबरठाताई, हे फार मोलाचं. घटनादुरुस्तीत 'दोषी ठरलेला' असा शब्द नाही, हाच मुद्दा.

रानवाट, जॅक स्मिथबद्दल : त्यांचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. बंडाचं कलम का लावलं नाही हे त्यात लिहिलंय. शंभराहून जास्त वर्षांत ते कोर्टात नीट वापरलेलंच नाही, व्याख्या ठरलेली नाही, त्यावरूनच खटला अडकला असता. म्हणजे बंड घडलं नाही असा काही त्यांनी निर्वाळा दिला नाही. टिकेल का, हा प्रश्न त्यांनी विचारला. मी तीस वर्षं हाच विचारत आलो.

आणि कलमं कशी पडतात याचं उदाहरण त्याच प्रकरणात आहे. साडेतीनशेच्या आसपास आरोपींवर 'अधिकृत कामकाजात अडथळा' हे कलम लावलं होतं. ते २००२ मधलं, एन्रॉनच्या घोटाळ्यानंतरचं. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की ते कागदपत्रं-पुराव्यांशी छेडछाड करण्यापुरतं आहे. म्हणून त्या दुपारी कामकाजात अडथळा आला नव्हता असं कोणी म्हणेल का? सहा तासांच्या आसपास संसद बंद पडली होती. सिनेटच्या कर्मचाऱ्यांनी राज्यांच्या मतपत्रांच्या लाकडी पेट्या उचलून पळवल्या म्हणून त्या वाचल्या, आणि पहाटे साडेतीननंतर काम संपलं.

चहापोहे

पण आता तर सगळ्यांना माफी मिळाली ना? विषयच संपला.

उंबरठा

२० जानेवारी २०२५ ला सुमारे पंधराशे जणांना माफी, आणि १४ जणांची फक्त शिक्षा कमी केली. ऱ्होड्स त्या चौदांत. तो सुटला, पण दोषसिद्धी तशीच राहिली. माफीने तुरुंगाचं दार उघडतं, घडलेली गोष्ट बदलत नाही. १७९४ च्या पेनसिल्वेनियातल्या व्हिस्कीवरच्या कराच्या बंडात दोघे देशद्रोहाबद्दल दोषी ठरले, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टननी त्यांना माफ केलं. आजही शाळेत मुलं त्याला बंडच म्हणतात.

कोऱ्या वहीतून

सगळे कायद्याबद्दल बोलताहेत, मी शब्दाबद्दल बोलते. मुद्रितशोधन करते, त्यामुळे हा माझा रोजचा प्रांत.

मराठीत 'बंड' फार झिजलंय. तिकीट नाकारलं की उमेदवार 'बंड' करतो, अर्ज मागे घेतला की बंड 'थंड' होतं. दुसरीकडे उमाजी नाईकांचं बंड, वासुदेव बळवंतांचं बंड, इथे शब्दाला मान आहे. १८५७ ला कोणी 'शिपायांचं बंड' म्हटलं की आपण अजून दुखावतो आणि 'स्वातंत्र्यसमर' म्हणतो. 'उठाव' तर त्याहून उजळ शब्द, अन्यायाविरुद्ध उठलेल्यांचा. म्हणून ज्यांना ६ जानेवारीचा राग येतो त्यांना 'उठाव' नको वाटेल आणि ज्यांना कौतुक आहे त्यांना 'बंड' चालूनही जाईल! 'दंगल' मात्र दोन गटांची असते, हिंदू-मुस्लिम, विद्यार्थी-पोलीस. तिला ठरलेलं लक्ष्य लागत नाही. पोटोमॅककाठी यांनी जे सांगितलं, दिवस, वेळ, खोली, ते 'दंगल' या शब्दात कुठेच मावत नाही.

रानवाट

कोऱ्या वहीतून, तुमचं पटलं. उंबरठाताईंची ग्रिफिनची गोष्ट मला ठाऊक नव्हती, ती रात्री बसून वाचली. मागे घेतो : 'कलम नाही म्हणून बंड नाही' हा युक्तिवाद टिकत नाही.

पण एक गोष्ट मी सोडणार नाही. दिवसाला बंड म्हणा, पण त्या दिवशी तिथे असलेल्या प्रत्येकाला बंडखोर म्हणू नका. आमच्या गल्लीतला एक सुतार गेला होता, आत गेला नव्हता. त्याच्या मुलीला शाळेत पोरं काय काय बोलली ते मी पाहिलंय. ती आमच्याकडे अभ्यासाला यायची, दोन महिने आली नाही.

पोटोमॅककाठी

रानवाट, याला माझं पूर्ण अनुमोदन. मला जागा देणाऱ्या त्या काकांसाठीही.

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळा धागा छापून काल बैठकीत नेला होता. तारीखकाकांची भिंत आणि आमच्या साबुदाणावड्यांचा टीव्ही मोठ्याने वाचून दाखवला.

ठरलं ते असं. संपादकांनी चूक दुरुस्त करावी, आणि हा शब्द चूक नाही. लेख ताईंच्या नावाने आहे, शब्द त्यांचा. 'बंड' राहतंय. रानवाट यांचं म्हणणं मी ताईंना फोनवर सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, पुढच्या परिच्छेदात 'त्या बंडखोरांचे बसचे ताफे आमच्या रस्त्यावरून परत गेले' असं आहे ना, तिथे 'त्या लोकांचे' कर. बसमध्ये कोण होतं मला काय ठाऊक.

कोऱ्या वहीतून

'बसचे ताफे' नको, 'बसगाड्या' करा.

रानवाट

अंक निघाला की मला एक पाठवाल का? टपालखर्च देतो.